रिकामी जागा आधी दिसते: बेंतिऊच्या प्रकल्प-नकाशाचा प्रकरण अभ्यास

दक्षिण सुदानच्या युनिटी राज्यात बेंतिऊ इथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे, म्हणजे ‘अनमिस’चे, क्षेत्रीय कार्यालय आहे. समजा, या कार्यालयाने दोन वर्षांत तेवीस छोटे प्रकल्प पुरे केले: बोअरवेल, वर्गखोल्या, बाजारातल्या शेड, दवाखान्याचे छत, मोऱ्या. शांतिसेनेत यांना ‘त्वरित परिणाम प्रकल्प’ म्हणतात. एका प्रकल्पाला साधारण ५०,००० डॉलरपर्यंत निधी मिळतो आणि काम काही महिन्यांत उरकायचे असते. तरीही प्रत्येक बैठकीत, बेंतिऊ ज्यात येते त्या रुबकोना काउंटीबद्दल (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा भाग), एकच तक्रार येते: ‘सगळे रुबकोनालाच जाते, आमच्याकडे काही येत नाही.’ म्हणून जनसंपर्क विभागाने केलेली कामे नकाशावर मांडून लोकांपुढे ठेवायचे ठरवले. हाताशी एक लॅपटॉप, चार फोन, उपग्रहावरून मिळणारे मंद इंटरनेट आणि एक ए-३ रंगीत प्रिंटर आहे. सॉफ्टवेअरसाठी पैसा नाही.

हे प्रकरण प्रशिक्षणासाठी रचलेले आहे. प्रदेश, राजकीय इतिहास, साधने आणि त्यांच्या खोडी खऱ्या आहेत. प्रकल्पांचे आकडे आणि कामाचा क्रम मांडणीसाठी घेतले आहेत.

संशयाचा इतिहास

बेंतिऊमध्ये नकाशा कोऱ्या मनाने पाहिला जाणार नाही. १५ डिसेंबर २०१३ ला यादवी पेटली आणि हजारो लोक शांतिसेनेच्या तळांच्या आवारात शिरले. बेंतिऊच्या आवारात पुढे एक लाखाहून जास्त लोक राहिले. मार्च २०१४ मध्ये शांतिसेनेतल्या घानाच्या तुकडीची शस्त्रे बेंतिऊकडे जाताना रुंबेकला पकडली गेली. कंटेनरवरच्या नोंदीत वेगळाच माल लिहिला होता. सरकारी गोटातून आरोप झाला की संयुक्त राष्ट्रे बंडखोरांना शस्त्रे पुरवतात, आणि मिशनविरुद्ध मोर्चे निघाले. एप्रिल २०१४ मध्ये बेंतिऊ सरकारच्या हातातून बंडखोरांकडे गेले तेव्हा स्थानिक रेडिओवरून विशिष्ट जमातींविरुद्ध चिथावणी दिली गेली. चुकीच्या लेबलाची किंमत काय असते आणि माहितीच्या साधनाचे हत्यार कसे होते, हे इथल्या लोकांनी एकाच वर्षात पाहिले आहे.

अशा ठिकाणी प्रकल्पांचा नकाशा हे निव्वळ कामाचे प्रदर्शन राहत नाही. शांतिसेनेची तीन मूळ तत्त्वे म्हणजे संबंधित पक्षांची संमती, निःपक्षपातीपणा आणि स्वसंरक्षण व अधिदेशाचे रक्षण सोडून बळाचा वापर न करणे. नकाशा यांपैकी दुसऱ्या तत्त्वाची उघड परीक्षा घेतो. माणूस नकाशावर आधी आपले गाव शोधतो. गाव सापडले नाही, किंवा सापडले पण आजूबाजूला काहीच नसले, तर बाकीच्या तेवीस खुणा त्याच्यासाठी पुरावाच ठरतात, आणि तो आपल्या विरुद्धचा. पुढचे जवळपास सगळे निर्णय या एका गोष्टीभोवती फिरतात.

काय दाखवायचे, काय नाही

पहिल्या बैठकीत तीन थरांची मागणी होते: प्रकल्प, रस्त्यांची स्थिती आणि सुरुंगांचा धोका. शेवटचे दोन तिथेच वगळावेत.

२०२१ पासूनच्या पुरांनी या राज्याचा भूगोल बदलला. बेंतिऊ-रुबकोनाभोवती पाणी अडवायला बांध घालावे लागले आणि त्यात पाकिस्तानी अभियंत्यांच्या तुकडीचा मोठा वाटा होता. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे स्वयंसेवकांनी भरलेल्या खुल्या नकाशावर, कोरड्या ऋतूत काढलेली रस्त्याची रेघ तशीच असते, पण रस्ता कित्येक महिने पाण्याखाली असतो. छापील नकाशात ‘चालू रस्ता’ दाखवला तर एखादे कुटुंब त्या भरवशावर निघेल. ही माहिती रोजच्या रेडिओवर द्यावी.

सुरुंगांच्या बाबतीत धोका उलट दिशेने येतो. माहीत असलेल्या जागा लाल केल्या की पांढरी राहिलेली जमीन सुरक्षित आहे असे वाचले जाते, पण तिथे फक्त पाहणी झालेली नसते. असा नकाशा सुरुंगविरोधी काम करणाऱ्या अधिकृत यंत्रणेनेच, तिच्या पद्धतीने आणि तिच्या जबाबदारीवर काढावा.

राहतात ते प्रकल्प. त्यातही ‘मंजूर झालेले’ आणि ‘विचाराधीन’ प्रकल्प नकाशावर येऊ देऊ नयेत. कागदावरची खूण म्हणजे दिलेला शब्द समजला जातो. निधी अडला तर खोटे पडते ते त्या गावात जाऊन बोलणारे माणूस.

पाया: आधी गावे, मग प्रकल्प

जिओफॅब्रिकच्या संकेतस्थळावरून दक्षिण सुदानचा ओपनस्ट्रीटमॅप डेटा एका फाइलमध्ये मिळतो. फक्त युनिटी राज्य हवे असेल तर एचओटीच्या (मदतकार्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप भरणाऱ्या संघटनेच्या) एक्स्पोर्ट टूलवर चौकट आखून जिओपॅकेज या स्वरूपातली नकाशा-फाइल मागवावी. मंद इंटरनेटवर हे रात्री लावून ठेवायचे काम आहे. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमधला क्विकओएसएम प्लगइन लहान भागासाठी ठीक चालतो. पूर्ण राज्याची मागणी केली तर सर्व्हर मध्येच हात टेकतो.

डेटा उघडल्यावर तेवीस प्रकल्पांची नाही, गावांची मोजणी करा. प्रशासनाच्या आणि मदतसंस्थांच्या याद्यांत असलेली पण ओपनस्ट्रीटमॅपवर नसलेली गावे कोणत्या काउंटीत जास्त आहेत? बहुतेक वेळा उत्तर तेच निघते: जिथे प्रकल्प कमी, तिथे गावेही कमी नोंदलेली. जिथे मदत पोहोचते तिथे नकाशा काढणारेही पोहोचतात. हा पाया न सुधारता वर प्रकल्प टाकले तर उपेक्षित भाग दोनदा पुसला जातो.

गावे भरण्यासाठी उपग्रहचित्रावरून प्रत्येक टुकुल, म्हणजे गोल झोपडी, काढत बसू नये. गावाचा एक बिंदू, वस्तीची एक बाह्यरेषा आणि गावात येणारी मुख्य पायवाट एवढे पुरते. झोपड्या काढायच्याच असतील तर जोसम या ओपनस्ट्रीटमॅप संपादनाच्या प्रोग्राममध्ये व्यासाच्या दोन टोकांवर बिंदू ठेवून शिफ्ट-ओ दाबले की वर्तुळ तयार होते. हाताने काढलेल्या अष्टकोनांपेक्षा हे जलद आणि नेटके होते. दूरच्या स्वयंसेवकांची मदत हवी असेल तर एचओटीचा टास्किंग मॅनेजर आहे. इटलीतल्या ब्रिंडिसीच्या संयुक्त राष्ट्रांच्या सेवाकेंद्रातून चालणारा ‘यूएन मॅपर्स’ हा समूह तर मिशनच्या प्रदेशांसाठीच ओपनस्ट्रीटमॅप भरतो.

चित्राची तारीख मात्र पाहावीच लागते. बिंग किंवा एस्रीच्या पार्श्वचित्रात दिसणारे गाव पुराच्या आधीचे असू शकते. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे मोफत मिळतात आणि दर पाच दिवसांच्या सुमारास नवी येतात. १० मीटरच्या पिक्सेलमध्ये टुकुल ओळखू येत नाही, पण पाणी कुठे आहे ते स्पष्ट दिसते. पावसाळ्यात ढग आले की सेंटिनेल-१ चे रडार वापरावे. पाण्याखाली गेलेले गाव खोडू नका. लोक कुठे गेले हे विचारल्याशिवाय गाव ‘संपले’ असे ठरवण्याचा अधिकार नकाशा काढणाऱ्याला नाही.

अक्षांश-रेखांशांचे घोळ

तेवीस प्रकल्पांच्या यादीत स्थाने चार तऱ्हांनी लिहिलेली असतात, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

बेंतिऊ साधारण ९.२६ उत्तर, २९.८० पूर्व इथे आहे. अभियंत्याने वहीत ९ अंश १५ मिनिटे ३६ सेकंद असे लिहिले, तेही बरोबरच. टंकलेखन करणाऱ्याने ते ९.१५३६ असे उतरवले की बोअरवेल सुमारे बारा किलोमीटर दक्षिणेला सरकते. ही चूक घातक ठरते कारण बिंदू त्याच काउंटीत, पटण्याजोग्या जागी पडतो आणि नजरेला खटकत नाही. ओळखण्याची खूण अशी की दशांशचिन्हानंतरच्या पहिल्या दोन आकड्यांची जोडी आणि त्यापुढची जोडी कुठेच ५९ च्या वर जात नसेल, तर ती मिनिटे-सेकंद असण्याची शक्यता दाट आहे.

अक्षांश-रेखांशांची अदलाबदल मात्र लगेच दिसते. बेंतिऊची बोअरवेल अल्जीरिया-लिबियाच्या सीमेजवळच्या वाळवंटात जाऊन पडते. जिओजेसन या नकाशा-फाइलीच्या स्वरूपात आधी रेखांश आणि मग अक्षांश असतो, माणसे बोलताना उलट बोलतात. घोळ तिथून सुरू होतो.

सैनिकी तुकड्या स्थान ग्रिडमध्ये देतात, आणि युनिटी राज्याची खास अडचण इथे आहे. यूटीएम ही पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडणारी ग्रिड आहे, आणि ३० अंश पूर्व रेखांशावर तिचा ३५ वा पट्टा संपून ३६ वा सुरू होतो. बेंतिऊ ३५ मध्ये, लेर ३६ मध्ये. बेंतिऊत बसणारा कारकून सवयीने सगळ्यांना ‘३५-पी’ लावतो आणि लेरची शाळा सहा अंश पश्चिमेला, म्हणजे साडेसहाशे किलोमीटरहून जास्त दूर, जाते. पट्ट्याचा क्रमांक गाळलेला एकही संदर्भ स्वीकारू नये. तुकडीकडून पुन्हा मागवावा.

चौथी तऱ्हा म्हणजे नुसते गावाचे नाव. त्याबद्दल पुढे.

या सगळ्याला उपाय एकच, जागेवर जाऊन पुन्हा नोंद घेणे. कोबोटूलबॉक्स या फोनवरून माहिती गोळा करण्याच्या साधनावर छोटा फॉर्म करावा: प्रकल्प क्रमांक, लोक त्याला काय म्हणतात, प्रकार, आजची स्थिती, पाहणीची तारीख, स्थान, एक फोटो आणि शेवटी ‘नेमके ठिकाण जाहीर करता येईल / फक्त गाव / काहीच नाही’. फोनमधले अॅप नेट नसतानाही नोंद घेते आणि अचूकता ५ मीटरपर्यंत आली की बिंदू आपोआप पकडते. पत्र्याखाली किंवा गाडीत बसून ती तिथवर उतरत नाही. दोन मिनिटे उघड्यावर उभे राहावे लागते. नंतर डेटा तपासताना कार्यालयाच्या फाटकाभोवती एकत्र पडलेले बिंदू शोधा. तो फॉर्म कोणीतरी परत येऊन भरलेला असतो.

‘आजची स्थिती’ हा रकाना गाळण्याचा मोह होतो, कारण फाइलमध्ये सगळे प्रकल्प ‘पूर्ण’ असतात. या भागात सर्रास दिसणाऱ्या इंडिया मार्क-२ हातपंपाचा वॉशर झिजला की पंप बंद पडतो. बंद पंपाच्या जागी पाण्याचा थेंब छापला तर त्या गावासाठी अख्खा नकाशा खोटा. ‘नादुरुस्त’ हे चिन्हही नकाशात असलेच पाहिजे.

नावे आणि सीमा

एकाच गावाची इंग्रजी स्पेलिंगे तीन-चार मिळतात, अरबी नाव वेगळे असते आणि नुएर किंवा डिंका या स्थानिक भाषांतले नाव आणखी वेगळे. ओपनस्ट्रीटमॅपवर मुख्य नाव, पर्यायी नाव, जुने नाव आणि प्रत्येक भाषेतले नाव यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत. नुएरचा संकेत ‘एनयूएस’, डिंकाचा ‘डीआयएन’. सगळी रूपे नोंदवावीत आणि छापताना गावात वापरतात ते मोठे, कागदपत्रातले खाली लहान ठेवावे. नुएर लिपीतली खास स्वरचिन्हे नसलेला फॉन्ट घेतला तर त्या जागी चौकोन छापले जातात, म्हणून नोटो किंवा कॅरिससारखा फॉन्ट निवडून आधी एक चाचणीप्रत काढावी. यादी स्प्रेडशीटमधून सीएसव्ही या साध्या मजकूर-फाइलीत नेताना यूटीएफ-८ हे अक्षरसंकेतन निवडले नाही तर हीच अक्षरे तिथेच मोडतात.

सीमांचा प्रश्न जास्त नाजूक आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दहा राज्ये होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये फर्मानाने अठ्ठावीस केली, जानेवारी २०१७ मध्ये बत्तीस. हा शांतता वाटाघाटींतल्या मोठ्या वादांपैकी एक होता. फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा दहा राज्ये झाली, सोबत तीन प्रशासकीय क्षेत्रे: रुवेंग, पिबोर आणि अबिये. रुवेंग निघाले ते जुन्या युनिटीतल्या परियांग आणि अबिएमनोम या काउंट्यांतून. म्हणजे इंटरनेटवर सापडलेली ‘दक्षिण सुदानच्या राज्यांची’ कुठलीही शेपफाइल (सीमारेषांची नकाशा-फाइल) उचलली तर तुम्ही नकळत एका बाजूचा दावा छापत असता. अठ्ठावीस राज्यांची फाइल संयुक्त राष्ट्रांच्या चिन्हासह भिंतीवर लागली तर पुढचे सहा महिने खुलासे देण्यात जातील.

संयुक्त राष्ट्रांच्या भूस्थानिक विभागाच्या अधिकृत रेषाच घ्याव्यात. सुदानबरोबरची अंतिम सीमा आणि अबियेचा अंतिम दर्जा ठरलेला नाही, तेव्हा ती रेघ तुटक, आणि तशी टीप तळाशी. सीमा व नावे म्हणजे संयुक्त राष्ट्रांची मान्यता नव्हे, हे वाक्यही ठरलेले आहे आणि ते गाळता येत नाही. काउंट्यांच्या रेषा फिक्या आणि बारीक ठेवाव्यात. लोक प्रदेश ओळखतात तो नदी, पूल, धावपट्टी आणि चर्च यांच्या खुणांनी. गडद ठेवायच्या त्या या खुणा.

इथे तयार पार्श्वनकाशाची मर्यादा समोर येते. यूमॅप या वेबनकाशा बनवण्याच्या मोफत साधनात ओपनस्ट्रीटमॅपची चित्रे मागे लावली की त्यावरच्या सीमा आणि नावे आपल्या हातात राहत नाहीत. कोणीही संपादन केले की बदलतात. म्हणून छापील नकाशासाठी डेटाची तारखेनिशी प्रत काढून क्यूजीआयएसमध्ये स्वतःची शैली द्यावी. वेबसाठी क्यूजीआयएसमधूनच टाइल, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, काढता येतात, पण झूम जपून ठरवा. सव्वादोन अंश रुंद आणि सव्वातीन अंश उंच चौकटीला झूम १४ वर सुमारे पंधरा हजार टाइल लागतात आणि प्रत्येक पुढच्या पातळीला चौपट. झूम १६ वर आकडा सव्वादोन लाखांच्या पुढे जातो. इथे १३ वर थांबले तरी चालते.

परवान्याचे थोडक्यात: नकाशावर ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख हवा, आणि प्रकल्पांचा थर त्या डेटात न मिसळता वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा. मिसळून तो डेटाबेस जाहीर केला तर ओपनस्ट्रीटमॅपच्या ओडीबीएल परवान्याच्या अटी त्यालाही लागू होतात.

जे उघड करायचे नाही

तेवीसपैकी एक प्रकल्प महिलांच्या सुरक्षित केंद्राचा आहे. त्याचे नेमके स्थान कुठेही जाणार नाही, गावाच्या बिंदूवरही नाही. गाव लहान असेल तर तेवढ्यावरून केंद्र सापडते. त्याची नोंद फक्त राज्याच्या यादीत ‘सामाजिक सेवा: १’ अशी यावी.

बाकी संवेदनशील बिंदू गावाच्या मध्यावर आणताना लोक निर्देशांक गोल करतात, पण फोटो विसरतात. फोनने काढलेल्या फोटोच्या आत एक्सिफ नोंदीत काही मीटरपर्यंतचे स्थान लपलेले असते. बिंदू दोन किलोमीटर हलवला आणि त्याला मूळ फोटो जोडला, तर हलवण्याला काही अर्थ उरला नाही. एक्सिफटूलने सगळ्या फोटोंतल्या नोंदी एका आज्ञेत पुसता येतात. आकारही १२०० पिक्सेलवर आणावा, म्हणजे मंद नेटवर फोटो उघडेल. मुलांचे चेहरे नकोत.

आणि ओपनस्ट्रीटमॅपवर काय चढवायचे? गाव, वाट, शाळा, बाजार. शांतिसेनेच्या चौक्या, आश्रयाच्या जागा आणि प्रकल्पांची अंतर्गत माहिती कधीच नाही. तिथे खोडलेली वस्तूही इतिहासात राहते आणि कोणालाही पाहता येते.

चिन्हांना संयुक्त राष्ट्रांचा निळा रंग देऊ नये. गावाची शाळा निळ्या पिनेखाली आली की ती मिशनची मालमत्ता वाटते, आणि मिशनवर राग निघतो तेव्हा तो त्या शाळेवर निघू शकतो. रंग प्रकारानुसार द्यावेत: पाणी, आरोग्य, शिक्षण, बाजार. निवडण्याआधी कोणत्या पक्षाच्या किंवा गटाच्या झेंड्यात कोणते रंग आहेत ते स्थानिक सहकाऱ्यांना विचारावे.

तेरा विरुद्ध शून्य

आता मूळ दुखणे. वाटप असे आहे: रुबकोना १३, गुइट ३, कोच २, लेर २, मायोम २, मायेंदित १, पन्यिजियार ०. रुबकोनाला विस्थापितांची वस्ती, धावपट्टी आणि अभियंत्यांचा तळ, तिन्ही जवळ. पन्यिजियार सुद्दच्या दलदलीला लागून, पावसाळ्यात होडी किंवा हेलिकॉप्टर हाच मार्ग. कारणे आहेत, पण नकाशा कारणे सांगत नाही.

यूमॅपमध्ये बिंदूंचे पुंजके करण्याची सोय आहे. जवळचे बिंदू एका वर्तुळात जातात आणि वर्तुळावर आकडा येतो. साधन म्हणून चांगलेच आहे. इथे मात्र उघडताक्षणी रुबकोनावर मोठा ‘१३’ आणि खाली दक्षिणेला काहीच नाही, असा गुणफलक तयार होतो. काउंट्यांना प्रकल्पसंख्येनुसार गडद-फिका रंग देणे त्याहून वाईट. दोन्ही टाळावे. क्यूजीआयएसच्या अॅटलास सोयीने प्रत्येक काउंटीचे वेगळे पान काढावे, एकच मांडणी, एकाच प्रकारची माहिती. पन्यिजियारचेही पान निघालेच पाहिजे. त्यावर गावे, जलमार्ग आणि धावपट्ट्या नीट असाव्यात आणि चौकटीत स्पष्ट लिहावे: या काळात इथे आमचा प्रकल्प झालेला नाही, कारण अमुक, मागणी द्यायची असेल तर अमुक ठिकाणी.

याच्या पलीकडे नकाशाकलेने काही लपवू नये. चिन्हे मोठी करून दक्षिण भरल्यासारखी दाखवणे, रुबकोनाच्या तेरांतले सात गाळणे, इतर संस्थांची कामे आपल्या खुणांत मिसळणे, हे सगळे सुचवले जाते. लोकांना तेरा ठाऊक असतात. त्यांनी तिथे पाणी भरले आहे. म्हणून कच्चा नकाशा जनतेआधी प्रकल्प निवडणाऱ्या समितीपुढे ठेवणे ही या कामातली सर्वांत मोलाची पायरी आहे. तेरा विरुद्ध शून्य हे समितीने कागदावर अनेकदा पाहिलेले असते, जमिनीवर पसरलेले क्वचितच. वाटप अन्याय्य असेल तर दुरुस्ती पुढच्या फेरीच्या निधीत व्हायला हवी, आणि ती होईपर्यंत प्रकाशन थांबवणे परवडते.

कागद, मग आवाज, मग वेब

देशातल्या प्रौढ साक्षरतेचा नेहमी दिला जाणारा आकडा २७ टक्के आहे. इंटरनेट त्याहून दुर्मीळ. म्हणून क्रम हाच.

राज्य उत्तर-दक्षिण साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरते. १:५,००,००० प्रमाणात ते उभ्या ए-१ कागदावर मावते, १:१०,००,००० ला ए-३ वर. कागदावर प्रमाणाचा आकडा न छापता मोजपट्टी छापावी. नकाशाची झेरॉक्स निघते, फोटो फिरतो, आणि आकार बदलला की आकडा खोटा ठरतो पण पट्टी खरी राहते. किलोमीटरबरोबर चालण्याचे तास दिले तर जास्त उपयोग होतो, मात्र ते स्थानिकांना विचारून. तारीख आणि आवृत्ती क्रमांक शीर्षकाइतक्याच ठळक. ए-३ पाने लॅमिनेट करावीत. इंकजेटची शाई दमट हवेत ओघळते.

गावच्या बैठकीत नकाशा भिंतीवर लावू नये. जमिनीवर ठेवावा आणि उत्तर खऱ्या उत्तरेकडे फिरवावी. नदी नकाशावर ज्या बाजूला तीच समोर दिसली की ज्यांनी कधी नकाशा हाताळला नाही तेही पाच-दहा मिनिटांत बोटाने गावे दाखवू लागतात. पहिला प्रश्न प्रकल्पांचा नको: ‘तुमचे गाव सापडले का? नाव बरोबर आहे का?’ बायकांची बैठक वेगळी घ्यावी. कोणता पंप बंद आहे हे त्या नेमके सांगतात. फील्ड पेपर्सवरून छापलेल्या पानावर पेनाने दुरुस्त्या करून ते पान स्कॅन केले की ते पुन्हा नकाशावर जागच्या जागी बसते.

बैठकीत कोणीतरी बोट ठेवून सांगेलच की हत्यारबंद लोक इथे असतात. ते लिहून घेऊ नये. जनसंपर्काच्या कागदावर अशी एक खूण उमटली तर सांगणाऱ्याचा जीव धोक्यात येतो आणि पुढच्या गावात नकाशा उलगडताच लोक उठून जातात. नागरिकांना तातडीचा धोका असेल तर तो संरक्षणाचे काम पाहणाऱ्या सहकाऱ्यांना तोंडी, वेगळ्या मार्गाने कळवावा. कोबोचा डेटा माहिती-विश्लेषणाच्या शाखेला उघडा ठेवू नये, हे मोहिमेआधीच लेखी ठरवून घ्यावे.

नकाशाचा आवाज म्हणजे रेडिओ. संयुक्त राष्ट्रांचे इथले केंद्र रेडिओ मिराया, आणि वस्तीत स्पीकरवरून ऐकवले जाणारे ध्वनिमुद्रित कार्यक्रम. ‘बोडा बोडा टॉक टॉक’ या कार्यक्रमाने क्वाड बाइकवर स्पीकर बांधून विस्थापितांच्या वस्त्यांत हे करून दाखवले आहे. प्रत्येक काउंटीच्या पानाचे तीन मिनिटांचे नुएर आणि अरबी वाचन करावे: कोणते काम, कुठल्या खुणेजवळ, आज चालू की बंद, आणि चूक असेल तर कुठे सांगायची. पन्यिजियारच्या पानाचेही.

वेबनकाशासाठी यूमॅप पुरेसे आहे. सीएसव्हीत अक्षांश आणि रेखांश असे दोन रकाने असले की आयात होते. दशांशासाठी स्वल्पविराम वापरणाऱ्या संगणकावरून आलेली फाइल तेवढी तपासावी. डेटा नकाशाच्या आत चिकटवण्यापेक्षा बाहेरच्या फाइलला जोडावा, म्हणजे दुरुस्ती एका ठिकाणी होते. व्हॉट्सअॅपसाठी प्रत्येक पानाचे १०८० पिक्सेल रुंद, ३०० केबीच्या आतले चित्र वेगळे काढावे. प्रत्यक्षात तेच सर्वांत जास्त फिरते, म्हणून तारीख चित्रातच असावी, सोबतच्या संदेशात नको.

दुरुस्त्या आणि हस्तांतर

किती जणांनी पाहिला, हे माप इथे फार काही सांगत नाही. किती दुरुस्त्या आल्या, कोणत्या काउंटीतून आल्या आणि किती दिवसांत नकाशावर उतरल्या, हे मोजावे. मायेंदितमधून एकही दुरुस्ती आली नाही तर तिथले पान बरोबर आहे असे धरू नये. ते पोहोचलेच नसण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात नेहमीचा शेवट तांत्रिक नसतो. नकाशा बनवणाऱ्याची बदली होते, यूमॅपचे खाते त्याच्या खासगी ईमेलवर असते, किंवा खाते न उघडता बनवलेल्या नकाशाची गुप्त संपादन-लिंक त्याच्याबरोबर जाते. मग बंद पंप वर्षानुवर्षे ‘चालू’ दिसत राहतो आणि तो पुसण्याचा अधिकार कोणाकडेच नसतो. खाते विभागाच्या ईमेलवर उघडावे, किमान दोन संपादक जोडावेत आणि त्यांतला एक स्थानिक कर्मचारी असावा. आंतरराष्ट्रीय कर्मचारी आणि तुकड्या बदलतात, तो राहतो. क्यूजीआयएस प्रकल्प, जिओपॅकेज, फॉन्ट, चिन्हे आणि दोन पानी टिपण एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्याची एक प्रत राजधानी जुबाला, एक काउंटी प्रशासनाने मान्य केलेल्या ठिकाणी ठेवावी, संवेदनशील रकाने काढून. आणि नकाशा चालवणारे कोणी उरले नसेल, तर वेबवरचा नकाशा त्याच दिवशी उतरवावा.